हनुवटीवरचे तीन ठिपके

फोटो सुंदरच आला होता. फोटोवाल्या धनाजीने भोवतीचा वर्तमानपत्राचा कागद टरकावला, बाहीने काच पुसली आणि चौकट काउंटरवर उभी धरली, तेव्हा नारायणरावांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच. सोळा बाय वीस इंचांची नागूबाई. मांडीवर कोकरू, हातात दुधाची बाटली, डोक्यावरून घेतलेला पदर, मागे गोठ्याचा मऊ काळोख. कुठे डाग नाही, कुठे कण नाही. आपल्या हातून असं काही निघालं याचा आनंद छातीत उमलायला लागला आणि त्याच वेळी अडखळला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पाय एकदम जमिनीवर आदळावा, तसं काहीतरी झालं. काय झालं ते मात्र कळेना. फोटोत काहीतरी नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. धनाजी म्हणत होता, "बघा काका. आजी कुठल्या कुठं गेली. साठीची दिसायलीय! तुमच्या फोटूत नुसत्या मुंग्या होत्या, मुंग्या. एक बी ठिवली न्हाय." आणि नारायणराव आयुष्यभराच्या सवयीने मान हलवून "छान, छान" म्हणाले. म्हणताना त्यांची नजर नागूबाईच्या हनुवटीवर गेली आणि तिथेच थांबली. हनुवटी गुळगुळीत होती. तीन ठिपके नव्हते.

त्यांना वाटलं, आपलीच चूक असेल. हे त्यांना नेहमीच आधी वाटायचं. कळंबच्या शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली, पण एखादं पुस्तक जागेवर सापडलं नाही की दुसऱ्या कुणी चुकीच्या कप्प्यात ठेवलं असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. आपणच कुठेतरी ठेवलं असणार, म्हणून ते सगळं कपाट उपसायचे. लेख लिहायचे आणि पाकिटात घालून ठेवायचे. पाकिटावर पत्ताही लिहायचे, पण ती पाकिटं टपालपेटीपर्यंत काही गेली नाहीत. निवृत्तीच्या दिवशी शाळेने निरोपसमारंभ ठेवला, तर हे सकाळीच किल्ल्या शिपायाकडे देऊन तुळजापूरच्या गाडीत जाऊन बसले. त्यांच्या पत्नी नीलाताईंनी एकटीनेच शाल-श्रीफळ घेतलं आणि घरी आल्यावर तो नारळ फोडून खोबऱ्याची चटणी केली. "सत्कार तुमचा, चटणी माझी," एवढंच त्या म्हणाल्या. अशा माणसाच्या हातात कॅमेरा आला तो मुलामुळे. कैवल्य पुण्याला असतो. त्याने नवा फोन घेतला आणि जुना मोठा कॅमेरा दिवाळीला इथे आणून टाकला. "बाबा, पडून आहे, तुम्ही वापरा." सोबतचं माहितीपुस्तक तो टाकूनच देणार होता. नारायणरावांनी ते ठेवून घेतलं, शब्दकोश शेजारी घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि दोनशे पानी वहीत त्याचा मराठीत गोषवारा काढला. कैवल्य हसला होता. "मॅन्युअल कुणी वाचतं का हो बाबा?" पण न वाचता एखाद्या वस्तूला हात लावणं नारायणरावांना असभ्य वाटायचं.

त्या वहीत आयएसओ नावाच्या आकड्याला त्यांनी चार पानं दिली होती. हा आकडा वाढवत नेला की कॅमेरा अंधारातसुद्धा पाहू लागतो, पण चित्रात नॉइज येतो, असं पुस्तकात होतं. चित्राला आवाज कसला, म्हणून ते दोन दिवस अडून बसले. मग लहानपणी तुळजापूरच्या घरी असलेला रेडिओ आठवला. लांबचं स्टेशन लागत नसलं की वडील आवाजाचं बटण पिळत जायचे, बोलणाऱ्याचा आवाज वाढायचा आणि सोबत खरखरही वाढायची. हे तसंच होतं. कॅमेऱ्याच्या पोटात उजेड मोजणारा एक तुकडा असतो. उजेड भरपूर असला की त्याला काही करावं लागत नाही. उजेड थोडा असला की मिळाला तेवढाच मोठा करून सांगावा लागतो आणि मोठा करताना त्याच्या स्वतःच्या अंगातली कुजबुजही मोठी होते. ती मग लाल, हिरव्या, निळ्या कणांच्या रूपाने काळोखात वळवळत राहते. त्यांनी वहीत नॉइजपुढे 'खरखर' असा शब्द लिहिला आणि त्यापुढे, सवयीने, पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह काढलं.

ही खरखर टाळायची तर फ्लॅश होता. पण फ्लॅश उडाला की खोलीतली सगळी माणसं फोटो काढणाऱ्याकडे वळतात. ते त्यांना सोसायचं नाही. म्हणून ते आकडा वाढवायचे. सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. बारा हजार आठशेपर्यंत त्यांचा कॅमेरा जायचा आणि ते तिथपर्यंत जायचे. "लोक उजेडात फोटो काढतात, तुम्ही अंधारात," नीलाताई म्हणायच्या. "कॅमेऱ्यातसुद्धा लाजायचं म्हणजे कमाल झाली!" त्यांचे सगळे फोटो रवाळ यायचे. हा शब्द धनाजीचा. "काका, तुमचा फोटू म्हंजी आपल्या भट्टीवरचा खवा. रवाळ!" तो सगळ्यांदेखत म्हणायचा आणि दुकानातली माणसं हसायची. नारायणरावही हसायचे. घरी येताना त्यांना सुचायचं, की खवा रवाळ असला तर त्याचं कौतुक होतं. पण हे उत्तर त्यांना नेहमी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सुचायचं.

"काका, बसा की. महारुद्र येतोयच न्यायला. आत्ताच फोन आलता," धनाजी म्हणाला. दुकानाच्या आतल्या बाजूला त्याची बायको दीपाली संगणकावर एका लग्नाच्या अल्बमला बसली होती. पडद्यावर नवरीचा गाल खोलीएवढा मोठा झाला होता आणि दीपालीचा बाण त्यावरून एकेक पुटकुळी टिपत चालला होता. तांदळातला खडा वेचावा इतक्या सहज. नारायणराव तो बाण बघत राहिले आणि त्यांना सगळं कळलं. "दीपाली," ते म्हणाले, "या बाईंच्या हनुवटीवर काही होतं का गं?" तिने वळून पाहिलं. "डाग होते की काका, तीन-चार. आधी सगळ्या फोटूवरनं मशीन फिरवलं, त्याच्यात बरेचसे गेलेच. जरा जरा राहिले होते, ते मी हातानं घालवले. नवरीचे घालवतो तसेच." तिने ते इतक्या निर्मळपणे सांगितलं की त्यांना तिचा राग येईना. त्या मूळ फोटोत, त्या हजारो कणांच्या गर्दीत, तीन हिरवट काळे ठिपके कुणाला वेगळे दिसणार होते? कुठला ठिपका कॅमेऱ्याचा आणि कुठला नागूबाईचा, हे यंत्राला कळत नाही. दीपालीलाही कळणार नव्हतं. ज्याने तिला समोर बसून पाहिलं, त्यालाच ते माहीत. म्हणजे त्यांना. आणि स्वच्छ करून दे असं सांगायला तेच आले होते.

गोष्ट झाली होती ती अशी. महारुद्रच्या घरून त्यांच्याकडे वर्षानुवर्षं दूध येतं. महारुद्र त्यांचाच विद्यार्थी. शाळेत असताना पुस्तक न्यायचा आणि न वाचता परत आणायचा, हे नारायणरावांना पानांच्या घडीवरून कळायचं, पण त्यांनी कधी म्हटलं नाही. एकदा दूध घालायला आला आणि म्हणाला, "सर, नवं घर पुरं होत आलंय. घरभरणीला मायीचा एक फोटू लावावा म्हन्तो. तिचा एक बी फोटू न्हाय, नुसता आधारकार्डावर हाय, त्यो बघून तर तीच भिती." नारायणराव घाबरले, नाही म्हणायचं ठरवलं आणि हो म्हणाले. गावाबाहेर मळ्यात गेले तर नागूबाई पत्र्याच्या गोठ्यात अगदी आतल्या कोपऱ्यात, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून बसली होती. भर दुपार, पण तिथे डोळे सरावायला वेळ लागत होता. मेंढी व्याली आणि मेली म्हणून तिचं कोकरू नागूबाई बाटलीवर वाढवत होती.

"जरा बाहेर उजेडात येता का?" त्यांनी दारातूनच विचारलं. "फोटो चांगला येईल."

"उन्हात बसाया म्या काय सांडगं हाय व्हय, वाळत घालायला?" आतून आवाज आला. "हितंच काढा. ह्ये लेकरू उजेडात बिचकतंय, पीत न्हाय. आन् त्यो चमकारा मारू नगा, सांगून ठिवते."

"माय, सर हायेत त्ये," महारुद्र म्हणाला.

"मग? सरास्नी चमकारा मारायची आवड हाय का?"

नाही, अजिबात नाही, असं म्हणावंसं नारायणरावांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्याच पद्धतीने काम करायला सांगत होतं. ते आत शिरले, शेणाच्या आणि दुधाच्या वासात उकिडवे बसले आणि आकडा फिरवत फिरवत बारा हजार आठशेवर नेला. महारुद्र गमतीने म्हणाला, "माय, लोक काय म्हन्तील? भितीवर फोटू मेलेल्या माणसाचा लावत्यात." नागूबाईने बाटली तिरपी केली. "मेल्यावर लावून म्या बगाया येनार हाय का? जित्ती हाय तवर लावा. म्हंजी घरात कोन आलं, कोन गेलं, दोन्हीकडून ध्यान ठिवीन." कोकरू चुटूचुटू पीत होतं. ते पितं तोवर ती बोलत राहिली, माकणीकडचं तिचं माहेर, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं रान, आणि मग स्वतःच्या हनुवटीला बोट लावून म्हणाली, "ह्ये येडाईच्या जत्रंतलं. सात वर्साची आसंन. आज्जीनं धरून ठिवलं, त्या बाईनं सुया टोचल्या. लई रडले. आज्जी म्हनली, रडू नगं गं बाय, सोनंनानं समदं हितंच ऱ्हातंय, गोंदल्यालं तेवढं संगं येतंय." असं म्हणून तिने वर पाहिलं, कॅमेऱ्याकडे नाही, त्यांच्याकडे. त्यांनी श्वास रोखला आणि बटण दाबलं. कोकरू बिचकलं नाही. त्या क्षणी त्यांना माहीत होतं की हा फोटो साधला. एरवी कधी माहीत नसायचं.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर तो नीटच दिसला. महारुद्र तिथेच म्हणाला, "सर, ह्योच. ह्योच द्या, मोठा करून." घरी येऊन संगणकावर मोठा केला तेव्हा खरखर दिसली. काळोख जिथे दाट तिथे रंगीत कण, गालावर कण, कोकराच्या अंगावर कण. नीलाताई मागून डोकावल्या. "हे काय, रवा सांडलाय का वरून?" त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, पण नारायणरावांचा गोठ्यातला तो विश्वास तिथल्या तिथे गळाला. घरभरणीला दहा गावचे सोयरे येणार. भिंतीवर हा असला फोटो. महारुद्र काही बोलणार नाही, भिडस्त आहे, पण लोक म्हणतील सरांना येत नव्हतं तर नाही म्हणायचं. महिनाभर चालढकल करून शेवटी त्यांनी तो धनाजीकडे नेला आणि खाली बघत विचारलं, "थोडा स्वच्छ करता येईल का?" धनाजी म्हणाला, "काका, एका क्लिकचं काम."

आता ते धनाजीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर चौकटीत एक स्वच्छ, चकचकीत बाई त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांना दुसऱ्याच एका फोटोची आठवण येत होती. तुळजापूरच्या घरी मधल्या खोलीत तो होता. आता त्यांच्याच घरी, पुस्तकांच्या कपाटाशेजारी आहे. त्यांची आई. ती गेली तेव्हा ते सात वर्षांचे होते. तिचा वेगळा असा फोटो नव्हताच. कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यात ती मागच्या रांगेत उभी होती. वडिलांनी तेवढंच डोकं सोलापूरच्या एका फोटोवाल्याकडून मोठं करून आणलं. त्याने पेन्सिलीने, ब्रशने चेहरा नीट करून दिला होता. फोटो पाहून घरातली बायकामंडळी रडली आणि वडील म्हणाले, उठावदार झालाय. सात वर्षांच्या नारायणला मात्र तो फोटो बघून काही झालं नाही. आईला लहानपणी देवी आल्या होत्या. तिच्या गालांवर वण होते. ती भरवताना तिचा गाल त्याच्या गालाला लागायचा तो खरखरीत लागायचा, आणि अंधारात, कंदील विझल्यावर, कुठली बाई आपली आणि कुठली काकू हे तो त्या गालाला हात लावून ओळखायचा. फोटोतल्या बाईचे गाल पेढ्यासारखे होते. त्याने वडिलांना विचारलं होतं, आईचे वण कुठे गेले? वडील म्हणाले, देवाघरी गेल्यावर वण राहत नाहीत. ते त्याला पटलं नाही, पण तो गप्प बसला. गप्प बसण्याची सुरुवात कदाचित तिथून असेल. मग वर्षं गेली. रोज दिसत होता तो फोटो. रोज त्याला हळदकुंकू, श्राद्धाला त्याच्यापुढे पान. आणि केव्हातरी, कॉलेजात असताना की नोकरी लागल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आईला आठवायचं म्हटलं तर तीच गुळगुळीत बाई आठवते. दुसरी येतच नाही. वण होते हे त्यांना माहीत होतं, जसं पानिपत कुठल्या साली झालं हे माहीत असतं तसं. पण दिसत नव्हते आणि बोटांनाही लागत नव्हते. फोटो जिंकला होता. पासष्ट वर्षं तो जिंकत आला होता.

बाहेर मोटारसायकल थांबली. महारुद्र आत आला तो घरभरणीच्या धावपळीत घामाने निथळलेला, हातात आंब्याचे डहाळे डोकावणारी पिशवी. चौकट पाहताच त्याने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर घेतले.

"आईशप्पथ! सर, ह्यो तुमी काढला?"

"तर! आन् साफ कुणी केला?" धनाजी म्हणाला.

"मायीला बघून पाव्हने म्हनतील, म्हातारी पुन्यात जाऊन आली का काय!" महारुद्र खुळ्यासारखा हसत होता. "सर, लई उपकार झाले. लई म्हंजी लई."

नारायणराव त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. महारुद्रला काही खटकलं नव्हतं. पन्नास वर्षं जिच्या हनुवटीकडे बघून त्याने दूध मागितलं, भाकरी मागितली, मार खाल्ला, तिची हनुवटी कोरी होती आणि त्याला ते दिसलं नव्हतं. हेच तर. आज दिसलं नाही. दहा वर्षांनी, नागूबाई नसताना, तो याच फोटोकडे बघेल आणि तेव्हा तर दिसण्यासारखं काही उरलेलंच नसेल. नुसतं गप्प बसायचं होतं. कुणाची तक्रार नव्हती. धनाजी खूश, महारुद्र खूश, आणि नारायणरावांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत चांगल्या फोटोसाठी निघत होतं. त्यांनी चौकट उचलायला मदत म्हणून हात पुढे केला, आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. तो बराच मोठा होता.

"हा फोटो नेऊ नकोस."

दीपालीचा बाण नवरीच्या गालावर थांबला.

"का हो सर?" महारुद्र म्हणाला.

"हनुवटी बघ."

महारुद्र वाकला. बघत राहिला. मग त्याने नकळत स्वतःच्याच हनुवटीला हात लावला. "आगं आई," तो हळूच म्हणाला. "गोंदनच न्हाय की."

"काका, तुम्हीच म्हणलात ना स्वच्छ करा म्हणून?" धनाजीचा चेहरा उतरला होता. "आता चार दिसांचं काम झाल्यावर—"

"मीच म्हणालो. तुझी चूक नाही, दीपालीचीही नाही. माझी आहे. मी आणला होता तसाच्या तसा काढून दे. एकही कण न काढता."

"काका, सोळा बाय वीसमध्ये? समदं मुंग्यांचं वारूळ दिसंल! लांबनं बघा म्हणाल, पण लोक नाक लावून बघतेत. दुकानाच्या नावाचं काय?"

"तुझं नाव घालू नकोस."

"निदान गोंदण तेवढं परत काढून देते की," दीपाली मध्येच म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काका, माझ्या आज्जीला पण होतं. मला कळायला पाहिजे होतं. तीन ठिपके, मी बरोबर जागेवर लावते."

हे सोपं होतं. नारायणराव क्षणभर डगमगले. मग त्यांना तो सोलापूरचा माणूस दिसला, कधीही न पाहिलेला, हातात बारीक ब्रश घेतलेला, तोही कदाचित असाच चांगला असेल. "नको गं," ते म्हणाले. "ते तू काढलेले होतील. हिचे फोटोत आहेत. खरखर आहे तिथेच आहेत. खरखर माझ्या कॅमेऱ्याची आहे, असू दे. तिच्यात ते लपलेत, पण आहेत."

एवढं बोलून त्यांना दम लागला. इतकी वाक्यं एका दमात ते शेवटची कधी बोलले होते कुणास ठाऊक. महारुद्र त्यांच्याकडे असं बघत होता, जणू शाळेच्या ग्रंथालयातलं एखादं कपाट बोललं. मग तो धनाजीला म्हणाला, "सर म्हन्त्यात तसा काढ."

दिवाळीत घेतलेलं मोठं छपाईयंत्र धनाजीने चालू केलं. ते कुरकुरत एकेक ओळ सोडू लागलं. आधी गोठ्याचा काळोख आला, आणि खरोखरच त्यात वारूळ फुटल्यासारखे कण होते. मग पदर, कपाळ. कपाळाच्या सुरकुत्या परत आल्या. मग डोळे, ते वर बघणारे, आणि त्या कणांमुळे की काय, ते अजून हलत असल्यासारखे वाटत होते. हनुवटी आली तेव्हा महारुद्रने बोट पुढे केलं आणि काचेला लावावं तसं हवेतच थांबवलं. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग जरा मागे सरलं की दिसले, तीन, एकाखाली दोन, बाजूच्या कणांहून किंचित गडद, किंचित स्थिर. कागद पूर्ण बाहेर आल्यावर नारायणरावांनी त्याच्यावरून हळूच हात फिरवला. कागद गुळगुळीतच होता, कुठल्याही कागदासारखा. खरखर दिसण्यापुरती होती, हाताला काही लागणार नव्हतं, हे त्यांना वहीतल्या चार पानांइतकं पक्कं माहीत होतं. तरी नागूबाईच्या गालावरून बोटं जाताना ती मध्येच थांबली. बोटांना काहीतरी आठवलं. ते काय ते त्यांनी तपासून पाहिलं नाही, नेहमीसारखं पेन्सिलीचं प्रश्नचिन्हही काढलं नाही. बोटं तिथे तशीच राहू दिली.

धनाजीने चौकटीतला फोटो बदलून दिला, पण मागे दुकानाचा शिक्का मारला नाही. मागच्या पुठ्ठ्यावर ती जागा कोरी होती. महारुद्र डहाळ्यांची पिशवी उचलत होता तेवढ्यात नारायणरावांनी खिशातलं पेन काढलं, पुठ्ठ्यावर स्वच्छ ग्रंथपाली अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, आयएसओ १२८००. धनाजी वाकून वाचत होता. "ह्यो काय नंबर काका?" "अंधार किती होता ते," नारायणराव म्हणाले, आणि गल्लीच्या तोंडाशी यायच्या आत त्यांना आणखी एक सुचलं. "आणि धनाजी, आपल्याकडे खवा रवाळ असला तरच लोक घेतात बरं का." दीपाली पदराने डोळे पुसता पुसता फसकन हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि नीलाताई मळ्यात पोचले तेव्हा पूजा उरकली होती आणि मांडवात पहिली पंगत बसत होती. नवीन घराला ओल्या चुन्याचा वास होता. फोटो समोरच्या भिंतीवर लागलेला आणि त्याला झेंडूचा हार. महारुद्रचे मेहुणे भागवत, शाळामास्तर, यांनी आल्या आल्या भिंतीवर म्हातारीचा फोटो पाहिला आणि सवयीने हार घालून टाकला होता. नारायणराव दाराशीच, चपलांच्या जवळ उभे राहिले. एवढ्यात आतून काठी टेकत नागूबाई आली, भिंतीपाशी गेली, आणि वर बघत राहिली.

"ह्यो हार कुन्या मुडद्यानं घातला?"

मांडवात हशा पिकला. भागवत उठून उभे राहिले. "मामी, चुकून—"

"चुकून? म्या जित्ती हाय की रं! दोन घास खाऊ तरी द्या आधी!" तिने काठीच्या टोकाने हार खाली ओढला. तिच्या पायात घोटाळणारं ते कोकरू आता चांगलं हातभर वाढलं होतं. हार तिने त्याच्यापुढे टाकला आणि ते झेंडू कराकरा खाऊ लागलं. मग ती फोटोच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक काचेला लागलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले तिचे डोळे बारीक झाले. ती एक पाऊल मागे आली, पुन्हा एक. नीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची बाही धरली, पळून जाऊ नयेत म्हणून.

नागूबाईने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि फोटोकडे बघत मोजलं. "एक. दोन. तीन." मग मान हलवली. "हाईत. बरुबर हाईत. आन् ह्ये कोकरू बगा, पितंय अजून."

ओशाळलेले भागवत आता जवळ येऊन, नाक लावून, फोटो बघत होते. चूक झाल्यावर माणूस दुसऱ्याची चूक शोधतो तसे. "पण फोटो काय नीट आला नाही हो, महारुद्र. सगळा ठिपक्याठिपक्यांचा. रवाळ झालाय. कुणी काढला हा?"

महारुद्रने तोंड उघडलं, पण दाराकडे बघून मिटलं. मांडवातली माणसं मागे वळली, पंगतीतली, वाढणारी, सगळी. फ्लॅश उडावा तशी. नारायणरावांनी नीलाताईंच्या हातातून बाही सोडवून घेतली, चपलांमधून वाट काढत दोन पावलं पुढे आले आणि फोटोशेजारी, भिंतीला लागून, नीट उभे राहिले.

"मी काढला," ते म्हणाले. "अंधार होता."